पद्मिनीचं माप

१९७२ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात आयव्हन सदरलंड यांच्या विद्यार्थ्यांनी एक फोक्सवॅगन बीटल मोजायला घेतली. गाडी सदरलंड यांच्या पत्नीची होती. मुलांनी थेट पत्र्यावरच रेघा ओढून गाडीचे लहान-लहान तुकडे पाडले आणि मोजपट्टी लावून एकेका कोपऱ्याची जागा टिपून घेतली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर उभ्या राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या खऱ्या वस्तूंमध्ये ती बीटल मोडते.

आज हे काम करायला विद्यापीठ लागत नाही. ब्लेंडर हे त्रिमितीय मॉडेल घडवण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि फोटोंसाठी खिशातला फोन चालतो. बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या जानेफळात एखाद्या मुलीने किंवा मुलाने मनावर घेतलं, तर दोनच प्रश्न उरतात: गाडी कोणती, आणि ती मोजायची कशी? पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं आहे. प्रीमियर पद्मिनी.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. पहिल्या फियाट ११०० ला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. तिची पुढची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडणारी. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली, पुढे तीच ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट, मागे पाटे. नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत ही गाडी बनत राहिली.

आता अडचण पाहा. इंटरनेटवर शोधलं की फियाट ११०० डी या मूळ इटालियन गाडीची चारी बाजूंची रेखाचित्रं सापडतात. बहुतेक मॉडेल करणारे तीच पडद्यावर मागे लावतात आणि त्यावरून गाडी गिरवतात. पण इटलीत ती गाडी १९६६ मध्येच बंद झाली. कुर्ल्यात तिचा वंश त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ चालला. स्टिअरिंग उजवीकडे आलं. जाळी, बंपर, दिवे, डॅशबोर्ड वेळोवेळी बदलले. इटालियन चित्रावरून गिरवलेली पद्मिनी म्हणजे आपल्या बिल्ल्याची परकी गाडी. आपल्या रस्त्यांवर जी धावली ती हवी असेल, तर तिच्याच शेजारी टेप घेऊन उभं राहावं लागतं. या कामातला खरा अभ्यास तिथे आहे, सॉफ्टवेअरमध्ये नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

हत्यारं गावातच मिळतात. गवंड्याचा ओळंबा, त्याचीच पाणी भरलेली लेव्हलची नळी, सुताराचा गुण्या, स्टीलची टेप, सुतळी, खडू. गाडी सपाट फरशीवर घ्यायची आणि चारी टायरांत सारखी हवा भरायची. तरीही जमिनीपासूनच्या उंचीवर विसंबू नये, कारण पाटे बसलेले असतात आणि स्प्रिंग थकलेले. उंचीचा शून्य बिंदू गाडीच्या सांगाड्यावरच धरावा. मग बंपरचं टोक, दाराची कड, काचेचा कोपरा असा एकेक बिंदू ओळंब्याने खाली उतरवून फरशीवर खडूची खूण करायची. गाडी ढकलून बाजूला घेतली की फरशीवर तिचा संपूर्ण आराखडा उरतो आणि तो निवांत मोजता येतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २३४० मिलिमीटर भरायला हवं. तेवढं भरलं नाही तर आधी स्वतःची टेप तपासावी, मग गाडीचा इतिहास.

डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी मोजावी. सॉफ्टवेअरमध्ये अर्धी गाडी करून आरशासारखी उलटवायची सोय असते आणि तिचा मोह पडतोच. पण इतकी वर्षं चाललेली गाडी दोन्हीकडे सारखी राहत नाही. कधी मडगार्ड बदललेलं असतं, कधी दाराखाली पुट्टीचा थर चढलेला असतो. लहानसं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं की ते जिथे धरत नाही तिथे पुट्टी जाड आहे हे कळतं. त्या जागेची गोलाई कारखान्याची नाही, डेंटिंगवाल्याच्या हाताची आहे. दोन्ही नोंदवाव्यात, पण वेगवेगळ्या.

फोटोंचा भाग लोकांना सोपा वाटतो आणि तिथेच बहुतेक मॉडेलं बिघडतात. फोन घेऊन गाडीला चिकटून उभं राहिलं की जवळचा दिवा मोठा दिसतो आणि मागची डिकी आक्रसते. त्यापेक्षा लांब जावं, झूम करावं, आणि बाजूचा फोटो घेताना कॅमेरा गाडीच्या मधोमध, तिच्या निम्म्या उंचीवर धरावा. फोटोंवरूनच आकार काढणारं सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर गाडीभोवती गोल फिरत, आधीच्या फोटोतला निम्म्याहून जास्त भाग पुढच्या फोटोत येईल असे फोटो काढत जावं.

फोटोंमधून आकार कळतो, मोजमाप कळत नाही. चौकटीत कुठेतरी एक खात्रीची लांबी असावीच लागते. गाडीशेजारी ठेवलेली एक मीटरची पट्टीही चालते. हे तत्त्व विदर्भाला नवीन नाही. भूमापक विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने एक पायारेषा अतिशय काटेकोरपणे मोजली आणि तिथून पुढे कोन मोजत, त्रिकोणांमागून त्रिकोण जोडत ते उत्तरेकडे सरकत राहिले. १८२३ मध्ये विदर्भातल्याच हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. काही ठिकाणीच साखळी आणि बाकी सगळं कोनांवरून, ही त्यांची रीत. आजचं सॉफ्टवेअर फोटोंच्या बाबतीत मुळात हेच करतं.

आणखी एक गोष्ट: मोजणीआधी गाडी धुऊ नये. चकचकीत रंगात समोरची भिंत, झाड, फोटो काढणारा माणूस असं सगळं उमटतं, आणि आपण जागा बदलली की ती प्रतिबिंबंही सरकतात. सॉफ्टवेअर फसतं. धुळीचा पातळ थर मात्र पत्र्याची चमक मारतो आणि खुणा पक्क्या ठेवतो. ढगाळ सकाळ असेल तर उत्तमच. मापं झाल्यावर गाडी धुऊन पुसून पुन्हा फोटो घ्यावेत. या वेळी तीच प्रतिबिंबं कामाला येतात, कारण बॉनेटवरून सरकणाऱ्या उजेडाच्या रेघेत पत्र्याचा बाक दिसतो आणि मागच्या मडगार्डवरचे छोटे पंख कुठे सुरू होतात ते कळतं. दसऱ्याचा हार आणि कुंकवाचं स्वस्तिक असेल तर त्यांचाही एक फोटो घ्यावा, मग मालकाच्या परवानगीनेच ते काढावेत.

घाई का, तर मुंबईत वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सीचे फोटो भरपूर आहेत, पण टपावर कॅरिअर आणि डिकीत सीएनजीची टाकी घेतलेल्या त्या गाड्या रोजच्या कमाईसाठी पुष्कळ बदललेल्या होत्या. कारखान्यातून निघाली तशी पद्मिनी शोधायची तर तालुक्याच्या गावांत डॉक्टरांनी, व्यापाऱ्यांनी बाळगलेल्या घरगुती गाड्यांकडे वळायला हवं. तिथे मूळ व्हील कॅप, त्रिकोणी काचेची कडी, काच फिरवायचं हँडल अजून जागेवर असण्याची शक्यता जास्त.

म्हणून मोजणीच्या दिवशी या गाड्यांवर हात बसलेला जुना मिस्त्री सोबत घ्यावा. कोणता बंपर कोणत्या काळातला, कोणतं दार दुसऱ्या गाडीचं लावलंय, हे तो बघताक्षणी सांगतो. त्याने सांगितलेलं मापांच्या वहीत त्या-त्या भागासमोर लिहावं, गाडीच्या निर्मितीचं वर्ष वर टाकावं, नंबर प्लेट झाकावी आणि वहीची पानं मॉडेलसोबत सगळ्यांसाठी खुली ठेवावीत. म्हणजे पुढे कोणाला याच गाडीचं आणखी बिनचूक मॉडेल करायचं झालं, तर त्याला पुन्हा इटालियन चित्रापासून सुरुवात करावी लागणार नाही.