सव्वीस सेकंद आणि एक यार्ड

१ फेब्रुवारी २०१५. ॲरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोलचा सामना, संपायला २६ सेकंद बाकी. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८, सिॲटल सीहॉक्स २४. चेंडू सिॲटलकडे आहे आणि गोलरेषा एक यार्डावर, म्हणजे ९१ सेंटिमीटरवर. तेवढं अंतर पार करायला तीन प्रयत्न शिल्लक आहेत. त्याआधीच्याच प्रयत्नात मार्शॉन लिंच नावाचा धिप्पाड धावपटू बचावपटूंना रेटत चार यार्ड पुढे सरकला होता. आता पुन्हा त्याच्याच हातात चेंडू द्यायचा आणि विश्वविजेता व्हायचं, हे पोरासोरांनाही कळत होतं.

सिॲटलच्या प्रशिक्षकांनी, पीट कॅरल यांनी, पास टाकायला सांगितलं. रसेल विल्सनने चेंडू फेकला आणि पेट्रियट्सच्या माल्कम बटलरने मध्येच झेप घालून तो पकडला. घड्याळात २० सेकंद उरली होती.

हे अमेरिकेत सरासरी ११ कोटी ४४ लाख लोकांनी टीव्हीवर पाहिलं. महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ कोटी २४ लाख होती, त्याहून हे जास्त. त्या दिवशी ३० सेकंदांच्या जाहिरातीचा भाव सुमारे ४५ लाख डॉलर होता, म्हणजे सेकंदाला दीड लाख. त्या दराने शेवटची २६ सेकंद ३९ लाख डॉलरची झाली. सुपर बोलच्या इतिहासातला सर्वांत मूर्ख निर्णय म्हणून त्याचं बारसं त्याच रात्री उरकलं.

आता जरा आकडे पाहू. त्या हंगामात अख्ख्या लीगमध्ये एक यार्डावरून टाकलेल्या पासांवर ६६ टचडाउन झाले होते आणि प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास होते शून्य. लिंचला त्याच अंतरावरून वर्षभरात पाच वेळा चेंडू मिळाला आणि तो रेषेपार गेला एकदाच. शिवाय घड्याळाचं गणित होतं. धावणारा खेळाडू मैदानात पाडला गेला की घड्याळ चालू राहतं, पास जमिनीवर पडला की थांबतं. सिॲटलकडे एकच टाइमआउट होता. तीनही वेळा धावायचं ठरवलं असतं तर तिसऱ्या प्रयत्नाला वेळच उरला नसता. तिन्ही प्रयत्न वापरायचे तर त्यांतला एक पास असायलाच हवा होता.

म्हणून पास टाकण्याचं धोरण मला चुकीचं वाटत नाही. चुकला तो पासचा प्रकार. चेंडू गर्दीच्या मधोमध, रिकार्डो लॉकेटच्या दिशेने तिरका टाकला गेला. कोपऱ्यात उंच टाकला असता तर झेलला तरी गेला असता, नाहीतर प्रेक्षकांत. पण वाद मात्र दहा वर्षं ‘पास की धाव’ एवढ्यावरच अडकून पडला आहे.

याहून मोठा जुगार समोरचा माणूस खेळत होता, आणि त्याच्यावर फारसं कुणी बोट ठेवलं नाही. पेट्रियट्सचे बिल बेलिचिक यांच्याकडे टाइमआउट होते. लिंच पडला तेव्हा मिनिटभर शिल्लक होतं. घड्याळ थांबवून आपल्या आक्रमणासाठी, म्हणजे टॉम ब्रेडीसाठी, थोडा वेळ राखायचा, ही शहाणपणाची चाल. ते हाताची घडी घालून स्वस्थ उभे राहिले आणि घड्याळ २६ वर आलं. सिॲटलने टचडाउन केला असता तर दुसऱ्या दिवशी ‘बेलिचिक झोपले होते का?’ असे मथळे छापून आले असते. बटलरने चेंडू पकडला, म्हणून तोच स्वस्थपणा प्रतिभा ठरला.

बटलरचीही गोष्ट आकड्यांचीच. २०१४ च्या निवडीत लीगच्या संघांनी २५६ खेळाडू उचलले, त्यांत हा नव्हता. सरावात नेमक्या याच चालीवर त्याला चकवून टचडाउन झाला होता. सामन्यात ती मांडणी दिसताच त्याने ती ओळखली. लीगमध्ये प्रतिस्पर्ध्याचा पास पकडण्याची त्याची ती पहिली वेळ.

बेलिचिक यांना उलटा अनुभवही आला होता. १५ नोव्हेंबर २००९, इंडियानापोलिस. ३४-२८ ची आघाडी, दोन मिनिटं आठ सेकंद बाकी, चौथा, म्हणजे शेवटचा, प्रयत्न आणि दोन यार्ड हवेत, तेही स्वतःच्या २८ यार्डाच्या रेषेवरून. अशा वेळी चेंडू लाथ मारून लांब पाठवायचा, ही रूढी. बेलिचिक यांनी दोन यार्ड मिळवायचा प्रयत्न केला, तो थोडक्यात हुकला आणि इंडियानापोलिसच्या पेटन मॅनिंगने १३ सेकंद राखून सामना ३५-३४ असा फिरवला. ब्रायन बर्क या विश्लेषकाचा हिशेब सांगत होता की प्रयत्न करण्यात जिंकण्याची शक्यता ७९ टक्के होती, लाथ मारण्यात ७०. पण टीव्हीवरच्या मंडळींना ७९ टक्क्यांशी काय देणंघेणं!

रूढी मोडली तर नोकरी जाते, पाळून हरलं तर कुणी विचारत नाही. बर्कलीचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड रोमर यांनी २००६ साली हे मोजून दाखवलं. तीन हंगामांच्या आकडेवारीत १,०६८ चौथे प्रयत्न असे निघाले, जिथे धाडस करणं सरासरीने फायद्याचं होतं. त्यांतल्या ९५९ वेळा संघांनी निमूट लाथ मारली. म्हणजे दहांत नऊ वेळा. ज्या धंद्यात एकेका विजयाची किंमत कोट्यवधी डॉलर आहे, तिथे हे चालत होतं.

बेसबॉलमध्ये याचीच दोन टोकं आहेत. १६ ऑक्टोबर २००३, यांकी स्टेडियम, निर्णायक सातवा सामना. बोस्टनची ५-२ आघाडी आठव्या डावात ५-३ झाली. त्यांचा गोलंदाज पेड्रो मार्टिनेझचे ११५ चेंडू टाकून झाले होते. व्यवस्थापक ग्रेडी लिटल मैदानात आले, पेड्रोशी बोलले आणि त्याला तसाच ठेवून परतले. १२३ चेंडू होईतो बरोबरी, अकराव्या डावात पराभव. लिटल यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. सतरा वर्षांनी, २७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. टँपा बेचा ब्लेक स्नेल असा काही टाकत होता की डॉजर्सच्या पहिल्या तीन फलंदाजांना त्याने सहापैकी सहा वेळा स्ट्राइकआउट केलं होतं. ७३ चेंडू झाले होते. तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आले की गोलंदाज मार खातो, असं आकडेवारी सांगते, म्हणून व्यवस्थापक केव्हिन कॅश यांनी त्याला बाहेर काढलं. टँपा बे ३-१ ने हरला. एकाला ११५ वरही न उठवल्याबद्दल शिव्या, दुसऱ्याला ७३ वर उठवल्याबद्दल. कॅश यांचीही गफलत दुसऱ्या पायरीवरची होती. त्यांनी आणलेल्या निक अँडरसनने त्याआधीच्या सलग सहा सामन्यांत धावा दिल्या होत्या! पुढच्याच महिन्यात कॅश अमेरिकन लीगचे वर्षातले सर्वोत्तम व्यवस्थापक जाहीर झाले, कारण त्या पुरस्काराचं मतदान बाद फेरीआधी होतं.

आपल्याकडे २००७ मध्ये टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनीने जोगिंदर शर्माला शेवटचं षटक दिलं. मिसबाहचा तो फटका श्रीसंतच्या डोक्यावरून गेला असता तर आपणही काय काय बोललो असतो, याची कल्पना करा.

आता या ‘अशक्य’ क्षणांची बेरीज. नियमित हंगामात अमेरिकन फुटबॉलचे २७२ सामने होतात, बास्केटबॉलचे १,२३०, बेसबॉलचे २,४३०. एकूण ३,९३२. हजारांत एकदाच घडेल अशी गोष्ट मग वर्षाला चारेकदा घडायलाच हवी. बास्केटबॉलमध्ये ट्रेसी मॅकग्रेडीने डिसेंबर २००४ मध्ये शेवटच्या ३५ सेकंदांत १३ गुण केले आणि सॅन अँटोनियो ८१-८० ने हरलं. त्याच वर्षी मे महिन्यात डेरेक फिशरने ०.४ सेकंद उरली असताना चेंडू घेऊन बास्केट केली होती, हरलेला संघ पुन्हा सॅन अँटोनियोच. कॉलेज फुटबॉलमध्ये २०१३ साली अलाबामाचे निक सेबन यांनी पंचांशी हुज्जत घालून घड्याळात एक सेकंद परत मिळवलं. त्या एका सेकंदात त्यांच्या संघाने ५७ यार्डांची किक मारली. ती आखूड पडली आणि ऑबर्नचा क्रिस डेव्हिस ती झेलून मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेला. मागून घेतलेल्या सेकंदाने सामना घालवला.

आता एक निर्णय, ज्याची बाजू मला कुठल्याच आकड्याने घेता येत नाही. ५ फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टनमधला सुपर बोल. अटलांटा २८-३ ने पुढे होता, जिंकण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या वर. ती आघाडी वितळत २८-२० झाली, तरी पावणेपाच मिनिटं उरली असताना चेंडू अटलांटाकडे आणि पेट्रियट्सच्या २२ यार्डांवर होता. तीनदा धावायचं, घड्याळ खायचं आणि ४० यार्डांची किक मारायची. किक मारणारा मॅट ब्रायंट, त्या हंगामात ३७ पैकी ३४ यशस्वी. आघाडी ११ ची झाली असती, आणि ती भरून काढायला समोरच्याला दोनदा गुण मिळवावे लागले असते. आक्रमणाची सूत्रं काइल शॅनहन यांच्याकडे होती. पहिली धाव एक यार्ड मागे गेली, दुसऱ्या वेळी त्यांनी पास मागवला. फेकण्याआधीच मॅट रायन पाडला गेला, १२ यार्ड गेले. मग नियमभंगाचे आणखी १० यार्ड. किकचं अंतर हाताबाहेर गेलं. पेट्रियट्स जादा वेळेत ३४-२८ ने जिंकले.

सात वर्षांनी शॅनहन पुन्हा सुपर बोलच्या जादा वेळेत पोहोचले, आता सॅन फ्रान्सिस्कोचे मुख्य प्रशिक्षक म्हणून. नवा नियम दोन्ही संघांना एकेक संधी देणारा होता. त्यांनी नाणेफेक जिंकून चेंडू आधी घेतला आणि ते २५-२२ ने हरले. त्यावरही बरंच काहूर उठलं, पण तो दोष त्यांच्या माथी मारू नये. बाद फेरीत त्या नियमाखाली जादा वेळेत गेलेला तो पहिलाच सामना होता, त्यामुळे आधार घ्यायला एकही नमुना नव्हता. ह्यूस्टनचा पास मात्र निव्वळ चूक होती, आणि अटलांटाने आजवर एकही सुपर बोल जिंकलेला नाही.