मी कोणत्या प्रकारचा वाचक?

आमच्या शाळेत आठवड्यातून एकदा मूकवाचनाचा तास असे. बाई फळ्यावर पानाचा आकडा लिहीत. वाचून झाले की हात वर करायचा. पहिला हात वर गेला, की दुसरा, तिसरा आणि मग भराभर हात वर जात. माझा हात नेहमी शेवटच्या चार-पाचांत असे. सातवीच्या अखेरीस प्रगतिपुस्तकात शेरा आला : 'वाचन मंद'. तो दोन शब्दांचा शेरा मी पुढे कितीतरी वर्षे मनात बाळगला.

आज संशोधन हा माझा व्यवसाय आहे आणि त्यातला मोठा वेळ वाचनातच जातो. चार पानांचा शोधनिबंध वाचायला मला अजूनही अख्खी संध्याकाळ लागते. उलट एखादी रहस्यकथा हाती आली, तर रात्रीच्या जेवणाआधी तिचे शेवटचे पान उलटलेले असते. वेळापत्रकाच्या फलकावरून नजर फिरवून नाशिकरोडला थांबणारी गाडी मी क्षणात शोधते. कविता मात्र चार वेळा वाचल्याशिवाय हाती लागत नाही. मग मी मंद वाचक की जलद?

वर्गात प्रत्येक शिक्षकाला असे 'मंद' आणि 'हुशार' वाचक भेटतात. ही नावे देण्यापूर्वी वाचताना नेमके काय घडते, हे पाहणे बरे.

डोळे सरकत नाहीत, उड्या मारतात

एक सोपा प्रयोग करून पाहू. दोन विद्यार्थ्यांना समोरासमोर बसवा. एकाने पुस्तक डोळ्यांच्या थोडे खाली धरून मनात वाचावे आणि दुसऱ्याने त्याच्या बुबुळांकडे पाहावे. डोळे ओळीवरून संथपणे सरकत असतील, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात ते थांबतात, झटकन पुढे उडी मारतात आणि पुन्हा थांबतात. फ्रान्समधील नेत्रतज्ज्ञ एमिल झावाल यांनी १८७९ च्या सुमारास याविषयीची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि वाचनाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला.

उडीला सेकंदाचा अगदी लहान भाग पुरतो आणि उडीच्या काळात आपल्याला जवळजवळ काहीच वाचता येत नाही. वाचन होते ते थांब्यांवर. एक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो. नेत्रपटलाच्या मध्यभागी असलेल्या लहानशा खळग्यातच बारीक अक्षर स्पष्ट दिसते, म्हणून डोळ्याला पुन्हा पुन्हा जागा बदलावी लागते. सगळ्या उड्या पुढेच जातात असेही नाही. सराईत वाचकाच्याही शंभरातल्या दहा-पंधरा उड्या उलट्या, म्हणजे मागच्या शब्दाकडे असतात. मागे वळून पाहणे हा चांगल्या वाचनाचाच भाग आहे. तो दोष नव्हे.

आता थोडा हिशोब करू. सेकंदाला चार थांबे म्हणजे मिनिटाला २४०. एका थांब्यात सरासरी एक शब्द पकडला, तर मिनिटाला सुमारे २४० शब्द होतात. मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञाने २०१९ साली १९० अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा प्रौढांच्या इंग्रजी मूकवाचनाचा सरासरी वेग कथेतर मजकुरासाठी मिनिटाला २३८ शब्द आला. 'मिनिटाला हजार शब्द वाचा' अशा जाहिराती आपण पाहतो. हजार शब्द म्हणजे एका थांब्यात चारहून जास्त शब्द. एवढी अक्षरे त्या खळग्यात मावत नाहीत. डोळा तिथे वाचत नाही, गाळत जातो. वर्तमानपत्र चाळताना हे गाळणे उपयोगी पडते. गणिताचे उदाहरण वाचताना ते घातक ठरते.

इंग्रजीचे हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नयेत. इंग्रजीत चार शब्दांत सांगावे लागते, ते आपण 'घरातल्यासुद्धा' अशा एका शब्दात सांगतो. शिवाय देवनागरीची म्हणून वेगळी वळणे आहेत. ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी लिहिला जातो आणि नंतर उच्चारला जातो. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदी वाचकांच्या अभ्यासात अशा शब्दांना किंचित जास्त वेळ लागतो असे दिसले. तेव्हा वेग मोजायचाच असेल, तर प्रत्येकाने आपलीच तुलना आपल्याशी करावी.

एक उतारा वाचून पाहा

वेग बाजूला ठेवून आता समजण्याकडे वळू. पुढचा उतारा एकदाच वाचा.

'द्राक्षवेलीवरचा केवडा हा रोग बुरशीसारख्या एका सूक्ष्मजीवामुळे होतो. त्याचे बीजाणू वाऱ्याबरोबर आणि पावसाच्या थेंबांबरोबर पसरतात. पानावर पाण्याचा पातळ थर असेल तरच ते रुजतात आणि पानाच्या खालच्या बाजूच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतात. काही दिवसांनी पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग दिसू लागतात. पाने दिवसरात्र कोरडी राहिली, की हा रोग बागेत झपाट्याने पसरतो. म्हणून बागायतदार अशा दिवसांत रोज सकाळी पाने उलटून पाहतात.'

उतारा कितपत समजला? दहापैकी स्वतःला गुण द्या आणि मगच पुढे वाचा.

तिसरे आणि पाचवे वाक्य एकमेकांशी जुळत नाही. रुजायला पाणी लागणारा रोग कोरड्या पानांवर झपाट्याने कसा पसरेल? पाचवे वाक्य मी मुद्दाम उलटे लिहिले आहे. ते सुटले असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. मानसशास्त्रज्ञ एलन मार्कमन यांनी १९७९ साली तिसरी ते सहावीतील मुलांना अशीच विसंगती असलेले उतारे दिले. बऱ्याच मुलांनी 'सगळे समजले' म्हणून सांगितले. उताऱ्यात काहीतरी अडचण आहे असे आधी सांगितले, तेव्हा मोठ्या मुलांना ती जास्त वेळा सापडली. याचा अर्थ क्षमता होती, पण वाचताना स्वतःला थांबवून 'हे जुळते का?' असे विचारण्याची सवय नव्हती.

निफाड तालुक्यातल्या एका शाळेत मी हा उतारा दिला होता. सर्वांत आधी हात वर करणाऱ्या मुलाने स्वतःला दहापैकी दहा गुण दिले. ओळीखाली बोट धरून वाचणारी एक मुलगी मात्र पाचव्या वाक्यावर अडली. म्हणाली, "बाई, हे चुकलंय. पानं कोरडी असली तर केवडा कसा येईल? धुकं पडायला लागलं की आमचे बाबा रात्रभर झोपत नाहीत." वर्गात ती 'मंद' म्हणून ओळखली जात होती.

वाचक आणि विषय

अमेरिकेत डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली ६४ शालेय विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाचनचाचणीत पुढे असलेले आणि मागे असलेले, असे दोन गट होते. त्या प्रत्येकात बेसबॉल हा खेळ चांगला जाणणारे आणि न जाणणारे असे दोन भाग केले. सगळ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले आणि मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर बाहुल्या हलवून तो सामना पुन्हा दाखवायला सांगितले. वाचनात मागे असलेल्या पण खेळ जाणणाऱ्या मुलांनी, वाचनात पुढे असलेल्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांना बरेच मागे टाकले. इतकेच नव्हे, तर खेळ जाणणाऱ्या निष्णात वाचकांच्या ती जवळपास बरोबरीला आली.

बेसबॉलच्या जागी आपल्याकडे क्रिकेट घ्या किंवा निफाडची द्राक्षबाग घ्या. 'चांगला वाचक' हा गुण एकट्या माणसात राहत नाही. माणूस, मजकूर आणि वाचण्याचा हेतू या तिघांच्या जुळणीतून तो दिसतो. तिघांपैकी एक बदलले, की वाचकही बदलतो. औषधाच्या बाटलीवरील सूचना वाचणारा आणि कादंबरी वाचणारा माणूस एकच असला, तरी त्याचे वाचन एक नसते. लेबल वाचताना त्यातून काय करायचे ते उचलायचे असते. कादंबरीत वाचत असतानाचा अनुभव हाच हेतू असतो.

ही जुळणी घडवता येते, हेही लक्षात घ्यावे. लिपी ही माणसाची जेमतेम पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वीची निर्मिती आहे. उत्क्रांतीच्या दृष्टीने हा काळ इतका थोडा आहे, की वाचनासाठी जन्मजात वेगळे केंद्र मेंदूत तयार होणे शक्यच नव्हते. स्टानिस्लास देहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ब्राझील व पोर्तुगालमधील प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरक्षर, लहानपणी शिकलेले आणि मोठेपणी अक्षरओळख झालेले असे तीन गट त्यात होते. मोठेपणी वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूतही अक्षरांना प्रतिसाद देण्याच्या पद्धतीत बदल झालेला आढळला.

ओळखीची भूल

आपण कसे वाचतो, हे कळण्यात एक मोठा अडथळा असतो. ओळखीचे वाटणे म्हणजे समजणे, अशी आपली चटकन गल्लत होते. परीक्षेआधी धडा तीनदा वाचणाऱ्या मुलाला तिसऱ्या वेळी सगळे सोपे वाटते, कारण वाक्ये ओळखीची झालेली असतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली हे तपासले. एका गटाने उतारा दुसऱ्यांदा वाचला. दुसऱ्याने वाचून, तो बंद करून आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी पाहता पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

म्हणून स्वतःविषयी मत बनवताना 'मला कसे वाटते' यावर विसंबू नये. पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि लिहा. कागद खोटे बोलत नाही.

पेटीतली पुस्तके

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली सुरू झाले. इतक्या जुन्या ग्रंथालयाचा वारसा असलेल्या गावात पुस्तकांना तोटा नाही. पण वाचनालयात गेल्यावर आपले पाय कुठे वळतात, ते आठवून पाहा. कादंबरीवाला कादंबऱ्यांच्या कपाटाकडे आणि चरित्रवाला चरित्रांकडे जातो. वर्षानुवर्षे एकाच कपाटापुढे उभे राहिल्यावर 'मला हेच आवडते' असे आपण ठामपणे सांगू लागतो.

याच नाशिकमध्ये विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. पुस्तकांनी भरलेली पेटी एका वाचकगटाकडे येते. सभासद ती पुस्तके आपसात फिरवून वाचतात आणि काही महिन्यांनी ही पेटी दुसऱ्या गटाकडे जाते, दुसरी यांच्याकडे येते. परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंतही अशा पेट्या पोहोचल्या. पुस्तक दारी येण्याची सोय तर झालीच, पण मला त्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पेटीतली पुस्तके आपण निवडलेली नसतात. प्रयोगशाळेत अनोळखी द्रावण ओळखायचे तर एकट्या लिटमस कागदावर भागत नाही. वेगवेगळी द्रव्ये घालून ते कुठे फेसाळते, कुठे रंग बदलते, कुठे साका धरते हे पाहावे लागते. वाचकाचेही तसेच आहे.

वर्गात काय करता येईल?

अशी पेटी प्रत्येक वर्गाला करता येईल. तिच्यात कथा, कविता, प्रवासवर्णन आणि विज्ञानलेख ठेवा. त्यांच्यासोबत खताच्या पोत्यावरील सूचना, रेल्वेचे वेळापत्रक आणि बँकेचा कोरा अर्जही ठेवा. प्रत्येक विद्यार्थ्याने एका वहीत पाच रकाने आखावेत : काय वाचले, कशासाठी वाचले, किती वेळ लागला, पुस्तक मिटून काय आठवले आणि कुठे अडलो. पाचवा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो कोरा ठेवणाऱ्याला शाबासकी देऊ नका. अडलेले सांगणाऱ्याला द्या. शिक्षकांनीही आपली वही मुलांसमोर ठेवावी. बाईसुद्धा अडतात, हे कळले की मुले मोकळी होतात.

दोन-तीन महिन्यांनी वही चाळल्यावर प्रत्येकाला स्वतःचा एक नकाशा दिसू लागेल. कुठे आपण उगाच धावतो, कुठे सावकाश जाणे फायद्याचे ठरते आणि कोणत्या विषयात आधी थोडी माहिती जमवायला हवी, ते कळेल. हा नकाशा कायमचा नसतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा काढावा.

आणि वर्षअखेरीस शेरा लिहायची वेळ आली, तर त्या मुलीसाठी असा लिहिता येईल : 'माहितीपर उतारा सावकाश वाचते व त्यातील विसंगती पकडते. अनोळखी विषय वाचण्यापूर्वी त्याची तोंडओळख करून द्यावी. कविता मोठ्याने वाचायला लाजते, संधी द्यावी.' प्रगतिपुस्तकाच्या रकान्यात हे मावणार नाही. तेव्हा मागच्या कोऱ्या पानावर लिहा, पण लिहा.