परसातील शेवगा व त्याच्या पाल्याचे आहारमूल्य

शहरांतून अलीकडे सेलरी या विलायती भाजीची बरीच वाखाणणी ऐकू येते. ही भाजी कोथिंबीर, ओवा व गाजर यांच्याच कुळातील असून पचनास हलकी आहे, यात शंका नाही. तथापि तिच्या देठात शेकडा ९५ भाग पाणीच असते. सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबाने पैसे खर्चून ती आणण्यापूर्वी आपल्या बांधावरील शेवग्याकडे पाहावे. आपण त्याच्या शेंगा बाजारात नेतो व पाला मात्र शेळीपुढे टाकतो. वास्तविक हा पाला घरातील माणसांच्या ताटात पडावयास हवा.

पाल्यात काय आहे?

शेवग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने, ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम व १०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते. तितक्याच सेलरीत कॅल्शियम अवघे ४० मिलिग्रॅमच्या सुमारास भरते. शेवग्याच्या पाल्यात लोह असते, तसेच शरीरात ज्याचे अ जीवनसत्त्व बनते ते कॅरोटिनही विपुल असते. अ जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांस रातांधळेपणा येतो, हे सर्वांस ठाऊक आहेच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सर्वांना वाढून शेवटी जेवणाऱ्या गृहिणीच्या वाट्यास पुष्कळदा भाकरी व चटणीच उरते. अशा घरी रोज मूठभर पाला मिळाला, तर आहारातील मोठी उणीव भरून निघण्यास साहाय्य होईल.

लागवड

माण, खटाव, आटपाडी, जत व कवठेमहांकाळ या कमी पावसाच्या तालुक्यांत उन्हाळ्यात पालेभाजी दुर्मिळ होते. शेवगा थोड्या पाण्यावर तग धरतो, म्हणून तेथे तो विशेष उपयोगी आहे. कृष्णा व वारणाकाठच्या काळ्या जमिनीत मात्र पाणी साचून मुळे कुजतात. तेथे उंचवट्यावरच लागवड करावी.

पावसाळ्याच्या आरंभी दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा शेणखत व मातीने भरून त्यात बी टोकावे, किंवा मनगटाएवढ्या जाडीची तीन ते चार फुटांची फांदी लावावी. बियांपासून लागवड करावयाची झाल्यास तामिळनाडूतील पेरियाकुलम येथील पीकेएम-१ किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कोकण रुचिरा हे वाण चांगले आहेत. झाड तीन-चार फुटांचे झाले की शेंडा खुडावा. त्यामुळे फांद्या फुटून पाला हाताशी येतो. लाकूड ठिसूळ असल्याने झाडावर मुलांना चढू देऊ नये.

पावसाळ्यात केसाळ अळ्या दिवसा खोडावर पुंजक्याने बसतात. त्यांस हात लावू नये, अंगाची आग होते. पेटत्या चुडीने त्यांचा नाश करावा. ज्या झाडाचा पाला खावयाचा, त्यावर विषारी औषध मारू नये.

खावे कसे?

कोवळा पाला धुऊन मुगाच्या डाळीबरोबर, लसणाची फोडणी देऊन शिजवावा. शिजविलेले पाणी फेकू नये. थोडे तेल असावे, म्हणजे कॅरोटिन अंगी लागते. पालेभाजीतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही, म्हणून वर लिंबू पिळावे व जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेऊ नये. भाकरीच्या पिठात किंवा पिठल्यातही पाला घालता येतो. उन्हाळ्यासाठी पाला सावलीत वाळवून, पूड करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी व आमटीत चमचाभर घालावी.

काही समज व सावधगिरी

दारी शेवगा नसावा, असा समज कोठे कोठे आहे. त्यास काही आधार नाही. कोकणात तर गोकुळाष्टमीस याच पाल्याची भाजी करण्याची रीत आहे. मात्र शेवग्याची साल व मूळ खाऊ नये, गरोदर स्त्रियांनी तर मुळीच नाही. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन पाला खावा. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. भाजी हा आहार आहे, गोळीचा पर्याय नव्हे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अंगणवाडी व शाळेच्या आवारात दोन-दोन झाडे लावून घ्यावीत आणि एखाद्या सभेत भाजी करून सर्वांस चाखावयास द्यावी. कडवट चवीची शंका तोंडी सांगण्यापेक्षा ताटातच लवकर फिटते. येत्या पावसाळ्यात प्रत्येक घरामागे एक शेवगा लागावा व त्याच्या पहिल्या पाल्याची भाजी घरच्या गृहिणीस आधी वाढली जावी, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.