सात मिनिटं कुठे गेली?

बँकेत पस्तीस वर्षं काढली. संध्याकाळी कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत घरी जायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. त्यामुळे एकाच सिंफनीच्या दोन सीडींवर छापलेल्या वेळा वाचल्या, तेव्हा मला स्वस्थ बसवेना. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा, म्हणजे ‘पाथेटिक’चा, शेवटचा भाग एका सीडीवर दहा मिनिटांच्या आत उरकत होता. दुसरीवर त्यालाच सतरा मिनिटांहून जास्त लागत होती. स्वर तेच, वाद्यं तीच. मग ही वरची सात मिनिटं आली कुठून?

पहिली सीडी कंडक्टर येवगेनी म्रावीन्स्कीची. १९६० साली लेनिनग्राड फिलहार्मोनिक दौऱ्यावर असताना व्हिएन्नात केलेलं हे ध्वनिमुद्रण. या माणसाने १९३८ पासून १९८८ मध्ये मरेपर्यंत हा एकच वाद्यवृंद सांभाळला. दुसरी लेनर्ड बर्नस्टाईनची, १९८६ ची, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर.

आपल्याकडे एकच बंदिश एक गवई वीस मिनिटं गातो आणि दुसरा पाऊण तास. त्याचं कुणाला नवल वाटत नाही, कारण विस्तार ज्याचा त्याने करायचा असतो. सिंफनीत तशी मुभा नाही. प्रत्येक स्वर कागदावर उतरवलेला, आणि या भागाच्या डोक्यावर तर चायकोव्हस्कीने लयीचा आकडाही लिहून ठेवलाय: मिनिटाला ५४ मात्रा.

आकडा दिसल्यावर मी कागद-पेन्सिल घेतली. या भागात तीन-तीन मात्रांचे १७१ बार आहेत, म्हणजे ५१३ मात्रा. ५४ ने भागलं की साडेनऊ मिनिटं येतात. मधे लय चढते-उतरते, म्हणून हिशोब ढोबळच. पण म्रावीन्स्की त्याच्या अगदी जवळ बसतो. बर्नस्टाईनची सरासरी मिनिटाला तीस मात्रांच्या आसपास येते, म्हणजे दोन सेकंदांना एक. हातावर ताल धरून पाहा. दुसरी टाळी पडेपर्यंत हात अवघडतो.

म्हणजे बर्नस्टाईन चुकला? मीही आधी तसंच म्हणालो होतो. गंमत अशी, की १९६४ साली याच वाद्यवृंदाबरोबर त्याने केलेलं ध्वनिमुद्रण किती तरी लवकर संपतं. तेव्हा त्याला लय कळत नव्हती असं नाही. सत्तरीकडे झुकल्यावर त्याने ती मुद्दाम सोडली.

त्याला कारण या सिंफनीच्या जन्मकथेतही आहे. २८ ऑक्टोबर १८९३ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये चायकोव्हस्कीने स्वतः ती पहिल्यांदा सादर केली आणि नऊ दिवसांनी तो गेला. त्रेपन्न वर्षांचा होता. त्या काळी सिंफनीने गाजत-वाजत संपायचं असा रिवाज. ही मात्र कुजबुजत विझते. मग पुढच्या पिढ्यांनी तिच्यात मृत्युपत्र वाचलं नसतं तरच नवल. बर्नस्टाईन ते मृत्युपत्र ओळीओळीवर थांबत मोठ्याने वाचतो. म्रावीन्स्कीच्या हातात तो नुसता कागद आहे, आणि त्यात लिहिलंय तेवढंच तो वाचतो.

पण हिशोब लयीवर संपत नाही. या भागाच्या सुरुवातीला जी उतरत जाणारी धून ऐकू येते, ती कोणीच वाजवत नाही! चायकोव्हस्कीने तिचा एक स्वर पहिल्या व्हायोलिनांना दिला, पुढचा दुसऱ्या व्हायोलिनांना, असे वाटून टाकले. कुठल्याही एका गटाचा वाटा एकटा वाजवला तर नुसत्या वेड्यावाकड्या उड्या ऐकू येतील. धून जुळते ती आपल्या कानात. म्रावीन्स्की दोन्ही गटांना समोरासमोर बसवायचा, एक डावीकडे, एक उजवीकडे. हेडफोन लावून ऐकलं की धून पावलापावलाला बाजू बदलते, जणू माणूस धड उभा राहू शकत नाहीये. सगळी व्हायोलिनं डावीकडे बसवणाऱ्या वाद्यवृंदात तीच धून सलग वाहते. फरक फक्त खुर्च्यांचा.

आवाजाचंही तेच. पहिल्या भागात एके ठिकाणी ‘बसून’ नावाच्या वाद्यासाठी ‘हळू’ची खूण एकापुढे एक सहा वेळा लिहिली आहे. इतकं हळू त्या वाद्यावर तिथे निघणं कठीण, म्हणून पुष्कळ कंडक्टर ते चार स्वर बास क्लॅरिनेटकडे देतात. मला काहीच ऐकू येईना, म्हणून मी आवाज वाढवत नेला. पुढच्याच क्षणी सबंध वाद्यवृंद अंगावर कोसळला आणि आतून ओरडा आला, “अहो, काय पडलं?” माळ्यावरची पितळी परात पडली असावी, असं हिला वाटलं होतं.

मला विचाराल तर दुःख म्रावीन्स्कीकडे जास्त आहे. संथ म्हणजे खोल, असं उगाच आपल्याला वाटतं. बर्नस्टाईनकडे रडायला सवड आहे. म्रावीन्स्कीकडे प्रत्येक ओळ थांबायला बघते आणि लय तिला पुढे ढकलते. मर्तिकाच्या घरी आल्यागेल्याला चहा देणाऱ्या बाईसारखी. पण ज्या रात्री झोप येत नाही, त्या रात्री हात बर्नस्टाईनच्या सीडीकडे जातो, हेही खरं.

एक फरक मात्र अजून मिटलेला नाही. छापील वेळेवर विसंबायचं नाही म्हणून मी म्रावीन्स्कीचा शेवटचा भाग घड्याळ लावून तीनदा मोजला. तिन्ही वेळा आकडा दोन-चार सेकंदांनी वेगळा आला. शेवटी चेलो आणि डबल बास उरतात, तेही विरत जातात, आणि संगीत नक्की कधी संपलं ते कळतच नाही. बटण दाबायचं कधी, ते मलाच ठरवावं लागतं.