बाखचा आठवडा

२०१८ साली योहान सेबास्टियन बाखचं समग्र संगीत एका संचात बाजारात आलं. त्यात २२२ सीडी आणि २८० तासांहून जास्त संगीत. काही रचना त्यात दोनदोनदा वाजवल्या आहेत हे खरं, तरीही जेवणखाण, झोप सगळं सोडून ऐकायला बसलं तर साडेअकरा दिवसांहून जास्त लागतात. त्याच्या रचनांच्या सूचीतले क्रमांक अकराशेच्या पुढे गेले आहेत.

पण हा आकडा ऐकून माणूस फक्त ‘बापरे’ म्हणतो आणि पुढे जातो. बाखची खरी झेप कळायची तर त्याचा एक आठवडा मोजायला हवा.

२२ मे १७२३ रोजी जर्मनीतल्या लाइप्झिगमध्ये चार गाड्या सामान उतरलं. मागोमाग दोन घोडागाड्यांतून बाख आणि त्याचं कुटुंब आलं. वय ३८. सेंट थॉमस चर्चच्या शाळेचा संगीतशिक्षक आणि शहरातल्या मुख्य चर्चच्या संगीताचा प्रमुख, अशी दुहेरी नोकरी. आठव्या दिवशी, ३० मे रोजी, या नोकरीतला त्याचा पहिला कँटाटा लोकांनी ऐकला. कँटाटा म्हणजे उपासनेच्या वेळी गायक आणि वादक मिळून सादर करतात ती अनेक भागांची रचना. साधारण वीसपंचवीस मिनिटांची. या पहिल्या कँटाटात चौदा भाग होते.

इथून रहाटगाडगं सुरू झालं. रविवार आणि सणवार धरून वर्षाला सुमारे ६० कँटाटे लागत. जुन्या रचना त्यात वापरता येत, तो वापरायचाही. पण पहिल्या दोन वर्षांत बहुतेक आठवड्यांना त्याने नवंकोरं काम दिलं. ११ जून १७२४ पासून तर त्याने नेमच धरला. लोकांच्या तोंडी असलेलं एखादं स्तोत्र घ्यायचं आणि त्यावर अख्खा कँटाटा उभारायचा. मार्च १७२५ पर्यंत, साडेनऊ महिन्यांत, असे सुमारे ४० झाले. ओळखीची चाल बहुतेकदा वरच्या आवाजात संथपणे पुढे सरकते आणि खाली बाकीचे आवाज तिच्याभोवती गोफ विणत राहतात. दर आठवड्याला गोफ नवा.

आता तो आठवडा जवळून पाहू. बाखची हस्तलिखितं आज इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. कोरा कागद घ्यायचा, पाच टोकांच्या लेखणीने एका ओढीत पाच रेघा आखायच्या, डोक्यावर ‘येशू, साहाय्य कर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं लिहायची आणि सुरुवात. काही पानांच्या तळाशी दोनचार सुरांची घाईतली टिपणं दिसतात. पानावरची शाई ओली आहे, उलटता येत नाही, आणि पुढची ओळ तर डोक्यात आली आहे. ती निसटू नये म्हणून तळाशी नोंदवून ठेवलेली. मला त्या २८० तासांपेक्षा हे टिपण जास्त थक्क करतं. शाई वाळायला लागतात तेवढी मिनिटंही या माणसाकडे नव्हती.

मूळ प्रत झाली की प्रत्येक गायकाची आणि वादकाची वेगळी प्रत हवी. एका कँटाटाला डझनभर ते वीस प्रती, सगळ्या हाताने. शाळेतली मुलं, पत्नी आना माग्दालेना, मोठे होत गेलेले मुलगे, सगळे टेबलाभोवती. मग तालीम, आणि रविवारी सकाळी सादरीकरण. सोमवारी पुन्हा कोरा कागद. मध्ये शाळेतले वर्ग, आणि चार आठवड्यांतून एक आठवडा वसतिगृहाची देखरेख.

गाणारे कोण होते? १७३० साली बाखने नगरपरिषदेला एक निवेदन दिलं. त्यात मुलांची उघड मोजदाद आहे : १७ कामाची, २० अजून तयार व्हायची, १७ निरुपयोगी. आज जगभरचे कसलेले गायक ज्या रचनांपुढे दबकतात, त्या शाळकरी मुलांच्या अशा ताफ्यासाठी लिहिल्या गेल्या. त्याच वर्षी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात उत्पन्नाचा हिशोब आहे. वर्षाला सुमारे ७०० थालर, आणि त्यातला काही भाग अंत्यविधीच्या संगीताचा. आदल्या वर्षी शहराची हवा चांगली होती, माणसं कमी मेली, म्हणून शंभर थालरांहून जास्त बुडाले असं तो लिहितो. घरात खाणारी तोंडं अनेक होती. दोन लग्नांतून वीस मुलं झाली, त्यातली दहाच मोठी झाली. म्हणजे ज्या वर्षांत हे संगीत लिहिलं जात होतं, त्याच वर्षांत त्या घरातून लहान मुलांच्या शवपेट्याही निघत होत्या.

कष्टाची ही सवय जुनी होती. दहा वर्षांचा होण्याआधीच आईबाप गेले, तेव्हा तो थोरल्या भावाकडे राहायला गेला. भावाने कपाटात बंद ठेवलेली संगीताची वही रात्री जाळीतून हात घालून बाहेर काढायची आणि चंद्राच्या उजेडात उतरवायची, असं सहा महिने चाललं. भावाला कळलं आणि त्याने ती प्रत काढून घेतली. विसाव्या वर्षी बुक्स्टेहूड या वादकाला ऐकायला तो आर्नश्टाटहून ल्यूबेकला गेला. अंतर सुमारे ४०० किलोमीटर, तेही पायी. चार आठवड्यांची रजा काढली होती, परतला जवळपास चार महिन्यांनी.

या सगळ्याला संख्येचा डोंगर म्हणून बाजूला ठेवता येत नाही, कारण प्रत्येक रचनेच्या आतही तीच दाटी आहे. फ्यूग या प्रकारात एक आवाज छोटी सुरावट मांडतो, मग दुसरा तीच घेऊन शिरतो, मग तिसरा, आणि आधीचे आवाजही आपापलं गात राहतात. १७४७ मध्ये प्रशियाचा राजा फ्रीड्रिख याने एक अवघड सुरावट पुढे ठेवली. बाखने तिथल्या तिथे तीन आवाजांचा फ्यूग वाजवला आणि घरी येऊन त्याच सुरावटीवर सहा आवाजांचा लिहिला. वाजवायला दोन हात, दहा बोटं, आणि एकाच वेळी सहा स्वतंत्र गाणी.

१७५० साली तो गेला. हस्तलिखितं वारसांत वाटली गेली, काही विकली गेली. त्याने कँटाट्यांचे पाच वार्षिक संच केले होते असं मृत्यूनंतर छापलेल्या लेखात म्हटलं आहे, म्हणजे अंदाजे ३००. आज हाती आहेत सुमारे २००. शंभरेक रविवार हरवले. आना माग्दालेनाने आपल्या वाट्याच्या ४४ कँटाट्यांच्या गायक-वादकांच्या प्रती शाळेला दिल्या, त्या वाचल्या. ती स्वतः १७६० मध्ये धर्मादायावर जगत वारली. १८५० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेला बाखचं उपलब्ध संगीत छापायला जवळपास पन्नास वर्षं आणि ४६ खंड लागले. त्याच्या लोहयुक्त शाईने कागद कुरतडायला सुरुवात केली, तेव्हा बर्लिनच्या ग्रंथालयाने पानं जाडीत मधोमध विलग करून, आत आधाराचा पातळ कागद घालून पुन्हा जोडली.

१९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांवर एका तबकडीत पृथ्वीचं संगीत पाठवलं, तेव्हा २७ तुकड्यांपैकी तीन बाखचे निवडले. त्याच तबकडीवर आपल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. व्हॉयेजर १ आता २,४०० कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहे.

एवढं सगळं एका बैठकीत ऐकून होणार नाही, म्हणून एकच सुचवतो. सूचीतला १४० क्रमांकाचा कँटाटा ऐका. ट्रिनिटीच्या सणानंतरच्या सत्ताविसाव्या रविवारसाठी तो लिहिला. ईस्टर खूप लवकर आला तरच तो रविवार उगवतो. बाखच्या लाइप्झिगमधल्या सत्तावीस वर्षांत तो दोनदाच आला, १७३१ मध्ये आणि १७४२ मध्ये. अकरा वर्षांतून एकदा लागणारं काम म्हणून त्याने हात आखडता घेतला नाही. अर्ध्या तासाच्या आत संपतो. येत्या रविवारी सकाळी, फोन बाजूला ठेवून ऐका.