मुरुमांचे जुने औषध, नव्या वाहनातून

शिरूरच्या बाजारपेठेत काय किंवा दौंडला स्टेशनबाहेर काय, औषधाच्या दुकानात कॉलेजची मुले-मुली खालच्या आवाजात ‘तोंडावरच्या पुटकुळ्यांसाठी काहीतरी द्या’ म्हणताना दिसतात. हातात एखादी ट्यूब पडते. चार दिवसांत लाली उतरते, चेहरा उजळ दिसतो, मग मैत्रिणीलाही तीच ट्यूब सांगितली जाते. ट्यूबवरचे बारीक अक्षर मात्र कोणी वाचत नाही. तिथे बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असे नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे, मुरुमांचे औषध नव्हे. काही आठवड्यांनी कातडी पातळ होऊ लागते, तांबड्या शिरा दिसतात आणि मुरूम पुन्हा जोराने उठतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची माहिती घेतली. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यातून झालेल्या त्रासांत मुरुमांचा क्रमांक पहिला होता. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत असा नियम केला. नियम झाला, पण चिठ्ठी मागतो कोण?

योग्य औषध असताना मुले या ट्यूबकडे का वळतात? कारण स्टेरॉइड आधी सुख देते आणि मग छळते. योग्य औषध आधी छळते.

तारुण्यात कातडीतल्या तेलग्रंथी जोमाने काम करू लागतात. केस जिथून उगवतो त्या छिद्राचे तोंड मृत पेशींनी बुजते, आत तेल साचते, जंतू वाढतात, सूज येते. हाच मुरूम. अ जीवनसत्त्वाच्या कुळातले ट्रेटिनॉइन हे बुजलेले तोंड मोकळे करते. अमेरिकेत ते १९७१ पासून मुरुमांसाठी वापरात आहे. ते पुढे आणणारे फिलाडेल्फियाचे डॉ. अल्बर्ट क्लिगमन. त्यांचे प्रयोग होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या कातडीवर १९५१ ते १९७४ या काळात चालले, आणि त्या कैद्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. फिलाडेल्फिया शहराने त्याबद्दल माफी मागितली ती २०२२ साली! औषध गुणकारी आहे म्हणून ही गोष्ट विसरावी असे नाही.

ट्रेटिनॉइन लावले की पहिले काही आठवडे आग होते, कातडी सोलते. गोऱ्या कातडीवरची लाली बहुधा निघून जाते. आपल्या सावळ्या कातडीचे तसे नाही. जिथे दाह, तिथे काळा डाग, आणि तो महिनोन् महिने राहतो. म्हणजे मुरुमाचा डाग वेगळा आणि औषधाचा वेगळा. मुलगी घाबरून दुसऱ्याच आठवड्यात ट्यूब फेकते.

इथे नॅनोकणांचे काम सुरू होते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. औषध काही शे नॅनोमीटरच्या कणात कोंडले, तर ते एकदम सगळ्या कातडीवर सांडत नाही, हळूहळू सुटते. शिवाय असे कण केसाच्या छिद्रात शिरून बसतात, आणि मुरुमाचे घर तेच. बर्लिनच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले की असे कण छिद्रात दहा दिवसांपर्यंत टिकले, तर कण नसलेले जेल चारच दिवस. मात्र हाताने चोळले तरच कण खोल गेले, नाहीतर नाही.

त्याच वर्षी आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (जुने लोक तिला यूडीसीटी म्हणतात) डॉ. वंदना पत्रावळे आणि सहकाऱ्यांनी ट्रेटिनॉइन घन स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांत भरून त्याचे जेल केले. ट्रेटिनॉइन उजेडात लवकर बिघडते. कणांत ते अधिक टिकले. सशांच्या कातडीवर बाजारातल्या मलमापेक्षा या जेलने दाह कमी केला. ससा म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. पण २०१२ साली भारतातच रुग्णांवर झालेल्या चाचणीचा अहवाल आला. अ‍ॅडापॅलिन व क्लिंडामायसिन यांच्या नॅनो-इमल्शन जेलने साध्या जेलपेक्षा पुटकुळ्या जास्त घटल्या, आग आणि लालीही कमी झाली. ती उघड चाचणी होती, म्हणजे कोणाला कोणते जेल दिले हे ठाऊक होते. तेव्हा आकड्यांवर थोडा हात राखूनच विश्वास ठेवावा. अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालेल्या एका मलमात ट्रेटिनॉइन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड सिलिकाच्या वेगवेगळ्या कवचांत ठेवले आहेत. एरवी ही दोन औषधे एकत्र ठेवली तर दुसरे पहिल्याला बिघडवते.

शिरूरमध्ये औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे. आपल्या घरातल्या ज्या मुली-मुलांना विज्ञानाची ओढ आहे, त्यांना हे क्षेत्र परके नाही. बाकीच्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की खोक्यावर ‘नॅनो’ लिहिले म्हणजे आतले औषध बदलत नाही; वाहन बदलते. त्यासाठी जास्त पैसे परवडत नसतील तर साधे अ‍ॅडापॅलिनही चालते. डॉक्टरांना विचारून, रात्री, चेहरा कोरडा करून, वाटाण्याएवढे मलम सगळ्या चेहऱ्याला लावावे. सुरुवातीला एक रात्र आड. गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. गरोदर बाईने किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तिने ट्रेटिनॉइन व अ‍ॅडापॅलिन लावू नये. क्लिंडामायसिन एकटेच महिनोन् महिने लावू नये, जंतू त्याला दाद देईनासे होतात.

स्टेरॉइडची ट्यूब बरेच दिवस लावली असेल तर ती मनानेच एकाएकी बंद करू नये, चेहरा आणखी भडकतो. पुण्याला ससूनमध्ये त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून दाखवता येते. जाताना घरातली अर्धी वापरलेली ट्यूब बरोबर न्यावी. नाव पुसले असेल तर खोकेही.