मूळपेशींच्या संशोधनाला पैसा कोणाचा?

9 ऑगस्ट 2001 रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी मानवी भ्रूणापासून मिळणाऱ्या मूळपेशींच्या, म्हणजेच स्टेम सेलच्या, संशोधनाला मिळणारा सरकारी निधी मर्यादित केला. त्या दिवसापूर्वी तयार झालेल्या पेशीमालिकांवरील कामालाच यापुढे केंद्राचा पैसा मिळणार होता. नंतर जाहीर झालेल्या यादीत मुंबईतील रिलायन्स लाइफ सायन्सेस आणि बंगळुरूचे नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस यांच्याही पेशीमालिका होत्या.

अमेरिकेत त्यावरून राजकारण पेटले. 2004 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी या संशोधनासाठी 3 अब्ज डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. 2006 मध्ये बुश यांनी आपल्या कारकिर्दीतील पहिला नकाराधिकार याच विषयावरील विधेयकावर वापरला, तर 2009 मध्ये बराक ओबामा यांनी निर्बंध उठवले. भ्रूणाला माणूस मानायचे की नाही, हा त्या वादाचा गाभा होता. आपल्याकडे या प्रश्नावर कोणी निवडणूक लढवली नाही. अनेकांना हे आपले भाग्य वाटते. मला तसे वाटत नाही. जिथे वाद होत नाही, तिथे हिशेबही मागितला जात नाही.

सरकारी पैशातून काय साधते, याचे उदाहरण वेल्लोर येथे आहे. तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील केंद्राने, केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने, तीव्र हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर त्यांच्याच रक्तातील मूळपेशींत जनुकीय बदल करून उपचार केले. डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचारानंतरच्या निरीक्षणकाळात एकाही रुग्णाला रक्तस्रावाचा त्रास झाला नाही. रुग्ण मोजकेच होते, हे खरे. पण निष्कर्ष जगासमोर तपासणीसाठी मांडले गेले, हे अधिक महत्त्वाचे.

याच विषयाची दुसरी बाजू बाजारात दिसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही विकारांसाठीचे प्रत्यारोपण वगळता मूळपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. तरीही स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मज्जारज्जूची दुखापत अशा असाध्य व्याधींवर 'उपचार' विकणाऱ्या जाहिराती थांबलेल्या नाहीत. मुलासाठी घरदार गहाण टाकणाऱ्या पालकांना मी भेटलो आहे. त्यांना लोभी वा अडाणी म्हणणे अन्याय ठरेल. खरी चाचणी कुठे चालू आहे आणि तिच्यात सहभागी कसे व्हायचे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून हा प्रश्न नुसत्या वैज्ञानिक हौसेचा नाही. संशोधन आणि विकासावर आपण सकल राष्ट्रीय उत्पादनाच्या एका टक्क्याहूनही कमी खर्च करतो. सरकार जिथे चाचणीचा खर्च उचलत नाही, तिथे तो रुग्णाच्या खिशातून, चाचणीचे नावही न घेता, वसूल होतो. संसदेने दरवर्षी दोन गोष्टी मागाव्यात: कोणत्या चाचणीस किती निधी दिला, आणि त्यातून काय निष्पन्न झाले; अपयशही त्यात यावे. तत्त्वांचा भंग करणाऱ्यांवर काय कारवाई झाली, हेही त्याच अहवालात असावे. करदात्याच्या पैशावर चालणारे विज्ञान निदान एवढ्या प्रश्नांना तरी बांधील असते.